दाताने ऐकलेली ठकठक

ज्या वर्षी मोजणीदारांच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी मी त्या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार आहे. मोजणीदार जमिनी मोजायचे, पण घरातली माणसे मोजायला विसरले. त्यांची बायको बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणाली होती, "दोन पोरी झाल्या, आणि हा माणूस दोन सीटांची गाडी घेऊन आला! आता आम्हाला काय टपावर बसवणार?" मला तर धड टपही नव्हते. कापडी छप्पर होते, आणि तेही गळके.

तरी त्या घराने मला जीव लावला. मुली एकाच सीटवर दाटीवाटीने बसून शाळेत जायच्या. रस्त्यातली माणसे वळून बघायची, आणि खरे सांगते, मला ते आवडायचे. पुढे मुली मोठ्या झाल्या, त्यांचे पाय मावेनात. घरात चार दारांची गाडी आली. माझ्यावर ताडपत्री पडली, ती सहा वर्षे. उंदराने माझ्या सीटमधला कापूस काढून पिल्लांना अंथरूण केले. कुणी माझ्या शेडमध्ये यायचे ते जुनी सायकल ठेवायला.

निवृत्त झाल्यावर मोजणीदारांना माझी आठवण झाली. बायकोला शेजारी बसवून घाट चढायचा आणि पलीकडे राहणाऱ्या जुळ्यांतल्या एकीला चकित करायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांनी मला मिस्त्रींकडे आणले.

मिस्त्री मला पहिल्यापासून ओळखत. त्यांचे गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट खोली. तिथे प्रत्येक पान्याची जागा भिंतीवर रंगाने काढलेली असे. सोबत त्यांची मुलगी काम करायची. तिशीची, अंगाने बारीक, पण गिअरबॉक्स एकटी उचलायची, म्हणून मिस्त्री तिला 'मुंगी' म्हणत. मिस्त्रींची एक पद्धत होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनला लावायचे आणि लाकडी मूठ कानाला. मग डोळे मिटून ते दुखणे सांगत. गावभर त्या कानाचे नाव होते.

त्या दिवशीही त्यांनी मूठ कानाला लावली आणि म्हणाले, "इंजिन ठणठणीत. फक्त क्लच गेलाय."

क्लच गेला होता हे खरे. प्लेट झिजून रिव्हेट उघडे पडले होते. पण माझ्या पोटात, तेलाच्या चेंबरच्या वर, बेअरिंगही झिजले होते. इंजिन तापले की तिथे ठकठक व्हायची. मला ती कळत होती, सांगता येत नव्हती.

मुंगी म्हणाली, "बाबा, खालून काहीतरी वाजतंय."

"वरचं टॅपेट असेल, ते वाजतंच. तुझे कान फार तिखट झालेत. पाना दे."

दोघांनी गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट बसवली, सगळे बंद केले. मुंगीने मला बाहेर फिरवून आणले. चढावर ठकठक मोठी झाली. ती परत आली तेव्हा मोजणीदार दारात उभे होते. उद्याच निघायचे होते.

घाटात ते बेअरिंग जाम झाले असते, तर माझे इंजिन तिथेच फुटले असते. आत बसलेल्या दोघांचे काय झाले असते, ते मला बोलवत नाही. मुंगीला हे ठाऊक होते. आणि गिऱ्हाइकासमोर बापाचा कान खोटा ठरवायचा, हेही तिच्याने होईना. तिने किल्ली खिशात घातली.

"काका, माझ्या हातून क्लचची तार चुकीची बसली. दोन दिवस थांबा."

"काय हे मुंगे!" मिस्त्री चिडले. "नाक कापलंस माझं."

मोजणीदार गेल्यावर ती बापासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, मोठ्याने बोलली. "तार नीट आहे, बाबा. तुम्हाला ऐकू येत नाही."

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"कधी कळलं तुला?"

"दारावरची घंटा वाजली की तुम्ही दाराकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघता. वर्ष झालं."

"मग आता या कानाचं काय करू? लोणचं घालू?"

ती हसली नाही. तिने स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक माझ्या इंजिनला टेकवले आणि मूठ त्यांच्यापुढे धरली. "दातात धरा."

"वेडी झालीस?"

"धरा तर. दाताच्या हाडातून आवाज आत जातो."

त्यांनी मूठ दातात धरली. मुंगीने मला सुरू केले, तापू दिले, मग हळूहळू वेग वाढवला. मिस्त्रींच्या भुवया एकदम वर गेल्या. तिने प्लगच्या वायरी एकेक करून काढायला सुरुवात केली. तिसरी काढली तशी माझ्या पोटातली ठकठक दबली. दुखणे तिसऱ्या सिलिंडरखाली होते. त्यांनी बोटे दाखवली. तीन. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मूठ सोडवत नव्हती.

"चेंबर खोल," ते म्हणाले.

बेअरिंगचा चंदेरी थर पार गेला होता, खालचे तांबे दिसत होते. दोन दिवस बापलेक माझ्याखाली पाठीवर पडून होते. मिस्त्रींनी एकेक बोल्ट तिच्याकडून कसून घेतला. शेवटी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला. "आता तू ऐक. तू म्हणशील तेव्हाच गाडी जाईल."

तिने ऐकले आणि मान हलवली. मोजणीदार आले तेव्हा मिस्त्री स्वतःहून म्हणाले, "तार-बीर काही नव्हतं. चूक माझी होती. पोरीने पकडली." मी दुसऱ्या दिवशी घाट चढले, आणि पोटात काही वाजले नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना तेलपाणी घाला, पण आमची कुरकुरही ऐका. आणि जवळच्या माणसाचे काही चुकते आहे असे दिसले, तर चारचौघांत त्याला सांभाळून घ्या आणि घरात त्याला खरे सांगा. तेवढ्याने मी वाचले.

मिस्त्रींनी पुढे चार वर्षे काम केले, दाताने ऐकत. थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी, त्र्याहत्तराव्या वर्षी ते वारले.