दाजींच्या दोरीचं दुसरं टोक

बंदरात पाण्याखाली जाऊन जहाजांचे तळ खरवडणं हा आमचा धंदा. आमचा म्हणजे माझा आणि दाजींचा, माझ्या ताईच्या नवऱ्याचा. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा पंजा दिसत नाही, म्हणून दोघांमध्ये दोरी. तिचा फासा मनगटाला बांधायचा नाही, मुठीत धरायचा; कुठे अडकलं तर सोडता आला पाहिजे. एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस ना?' परत एक हिसका म्हणजे 'ठीक.' चार म्हणजे 'धावून ये.'

दाजी मुलखाचे भित्रे. मिनिटाला एक हिसका. त्या दिवशी माझं डोकं सटकलं. एका हाताने माणूस खरवडणार तरी किती? मी माझा फासा नांगराच्या साखळीत अडकवला आणि दोन्ही हात मोकळे करून खुशाल पुढे सरकलो. भरतीने साखळी हलत होती. दाजींना उत्तरं मिळत होती.

टाकीतली हवा निम्म्यावर आली तेव्हा कुठे मला त्यांची आठवण झाली. चाचपडत परतलो, तर दाजी मासेमारीच्या फाटक्या जाळ्यात गुरफटलेले, हवा संपत आलेली. माझी नळी त्यांच्या तोंडात देऊन, जाळं कापून त्यांना वर आणलं. धक्क्यावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाजी घोगऱ्या आवाजात ताईला सांगत होते, "चार हिसके दिले. लगेच ओढ आली. म्हटलं, येतोय हा. म्हणून शांत पडून राहिलो."

ताईने डोळे पुसले. "महिन्याभराने कामावर जातील म्हणे. पण तू बरोबर असशील तरच पाठवीन मी."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही कळत होतं. पण दाजींची दोरी पुन्हा माझ्याच हातात यायची, आणि तीही ताईने माझ्यावर टाकलेल्या भरवशापायी? माझी मलाच शिसारी आली.

"दाजी, मी नव्हतोच तिथे. दोरी साखळीला अडकवून गेलो होतो."

दाजींनी मान माझ्याकडे वळवली. "मग मला उत्तर कोण देत होतं?"

"पाणी."

त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला. मी उठलो, तोच ताई माझ्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तू राहू दे," ती म्हणाली. "मी देते."