शेवटचा हात

मोतीलाल मास्तरांनी झुलालचा पट्टीत बसवलेला तुकडा खिडकीकडे धरला. एका बाजूने केसाएवढा उजेड आला.

"झुलाल, हे कसं झालं?"

"मना हात घसरना व्हई, मास्तर."

मी मान खाली घातली.

धुळ्याच्या उद्योगशाळेतली ही १९१२ सालची गोष्ट. लोखंडी पट्टीतल्या चौकोनी भोकात चौकोनी तुकडा कानशीने घासून बसवायचा. फटीतून उजेड दिसता कामा नये. ज्याचा तुकडा चोख, त्याला मास्तर भुसावळच्या रेल्वे कारखान्यात पाठवणार होते. जागा एकच.

मी दिवसभर घासून जिथे पोहोचे, तिथे झुलाल दुपारपर्यंत पोहोचे. मी त्याच्या हाताकडे पाहत राही.

"मना तुकडाले नजर लावस का रे, उखर्डू?" तो हसे. ते हसणंही मला सोसत नसे. त्या दुपारी तो भाकरी खायला गेला आणि त्याच्या तयार तुकड्यावर मी कानशीचा एक हात मारला. एकच.

मास्तरांनी चिठ्ठी लिहून माझ्या हाती दिली. झुलाल माझं गाठोडं उचलून स्टेशनापर्यंत आला. त्याचाही मला रागच आला.

भुसावळला जीवराम मिस्त्रींनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली. "जपून ठेव. वाचता येईल तेव्हा वाच."

मला अक्षर येत नव्हतं. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची हिंमत झाली नाही. मिस्त्रींनी मला सगळी कामं दिली, पण दुसऱ्याने घडवलेला तुकडा कधी माझ्या हाती दिला नाही. मला वाटे, हा माझ्या हाताचा मान. झुलाल सावद्याकडे विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करतो, त्याला न्यायला लांबून गाड्या येतात, असं कानावर येई. त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

पंचेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलो. मग पेटीतली चिठ्ठी काढली आणि बोट ठेवून वाचली.

'उखर्डू डावखुरा आहे. झुलालच्या तुकड्यावर शेवटचा हात डावा आहे, रेघा उलट्या पडल्या आहेत. झुलालला एकट्याला बोलावून दाखवलं. तो म्हणतो, त्यालेच धाडा मास्तर. मना हातले काम कोठेबी भेटी. त्यानं कसं व्हई? उखर्डू कष्टाळू आहे. लक्ष ठेवावं.'

कोठेबी. तो शब्द मी दोनदा वाचला. सत्तावीस वर्षांनी मला पुन्हा झुलालचा हेवा वाटला.

चिठ्ठी खिडकीकडे धरली. घडीवर कागद विरला होता. तिथून केसाएवढा उजेड येत होता.