सर्वांना प्रवेश खुला

मित्रांनो, वाचनालयाच्या सभागृहाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला जुना काळा फळा तुम्ही पाहिला असेल. तो मी. हल्ली लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. पूर्वी लोक मला वाचत असत.

सभागृहाचे जुने दार बदलले, तेव्हा त्याच्याच लाकडातून सुताराने मला घडवले. तेव्हाच्या चिटणीसकाकांनी मला काळा रंग दिला आणि तळाशी पांढऱ्या तैलरंगात एक ओळ रंगवली : 'सर्वांना प्रवेश खुला.' ही ओळही खडूनेच का लिहीत नाही, असे सुताराने विचारले. काका म्हणाले, "विषय बदलतील, वक्ते बदलतील. हे बदलायचं नाही."

गावाच्या इतिहासावर इथे व्याख्याने होत. जुना पूल कोणी बांधला, काचेची भट्टी का बंद पडली, असे विषय खडूने माझ्यावर उमटत. सभागृहाच्या नव्या दाराला एक खोड होती, ते आपोआप मिटायचे. म्हणून व्याख्यान सुरू झाले की काका मला उचलून उघड्या दाराला टेकवत. मी चांगला जड, दाराची काय बिशाद हलायची! वाऱ्याने वक्त्यांचे कागद उडत, ते कपाळाला आठ्या घालत, पण काका दार लावू देत नसत. फळ्याला छाती असती तर माझी तेव्हा फुगली असती.

शेजारच्या गल्लीतली शिंपीणबाई कधी चुकत नसे. हातातले काम टाकून यायची, मापाची टेप गळ्यात तशीच. शेवटच्या रांगेत बसायची आणि जाताना कापडाचा पोत बघावा तसा माझ्या कडेवरून हात फिरवायची.

काका गेले आणि कारभार त्यांच्या पुतण्याकडे आला. माणूस तसा टापटिपीचा. त्याने सभागृहाला काचेचे दार केले, एसी बसवला आणि मला माळ्यावर टाकले. त्याचे मला एवढे वाईट वाटले नाही. म्हातारपणी अडगळ व्हायचेच, अशी मी मनाची समजूत घातली होती.

यंदा वारशावरची व्याख्यानमाला ठरली. दारात काहीतरी जुने हवे, असे कोणीतरी सुचवले आणि मला खाली आणले. वळणदार अक्षरांत विषय लिहिला : 'शिंपी गल्लीची गोष्ट.' मी हुरळून गेलो. शिंपीणबाईने तो रस्त्यातच थांबून वाचला, पार शेवटच्या ओळीपर्यंत. मग कडेवरून हात फिरवला.

व्याख्यानाच्या दिवशी ती इस्त्रीचे कपडे घालून आली. पुतण्याने तिला दारातच अडवले. फोनवरून नावे नोंदवून घेतली होती, तिचे नाव त्यात नव्हते. याच्या शाळेच्या चड्ड्या तिने शिवल्या होत्या. तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"फळ्यावर लिहिलंय ना, बाळा."

"मावशी, तो फळा नुसता शोभेला ठेवलाय."

काचेतून मला मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या. त्यांच्यावर 'राखीव' असे कागद लावले होते. ज्याच्या काकांनी मला शब्द दिला, त्यानेच मला खोटे पाडले. मित्रांनो, माळ्यावर इतकी धूळ खाल्ली, पण असा दगा मला ठाऊक नव्हता.

दार मिटले. शिंपीणबाईने पिशवीतली बाटली काढली, रुमाल ओला केला आणि वाकून ती तळाची ओळ घासू लागली.

"आणखी कोणी फसायला नको," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने पुष्कळ घासले. ओळ निघाली नाही. काकांनी रंग चांगला वापरला होता. रुमाल पिळून ती पायऱ्या उतरली, आणि या वेळी तिने कडेवरून हात फिरवला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. मला फक्त उचलून पुन्हा उघड्या दाराला टेकवा. तेवढे जमणार नसेल, तर सुताराला बोलवा आणि रंधा मारून ती ओळ काढून टाका. पुढच्या व्याख्यानाचा विषय आजच माझ्यावर लिहिला आहे. कोणीतरी तो शेवटपर्यंत वाचेल आणि पायऱ्या चढून येईल.