न जुळलेली फाइल

संशय घेणं हा माझा जुना स्वभाव आहे आणि आता पोटापाण्याचा धंदाही तोच झालाय. खारघरच्या एका छोट्या कंपनीत मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. या वेळचं पत्रक मात्र माणसांसाठी नव्हतं, एआय एजंटांसाठी, म्हणजे नेमून दिलेलं काम आपसूक करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी होतं. टूल साधं. त्याला मजकूर दिला की ते त्याचा हॅश काढतं, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ. मजकुरात एक टिंब हललं तरी ती ओळ पार बदलते. माणूस पत्रक वाचताना कुठेतरी अडतो, कुणाला तरी विचारतो. एजंट लिहिलंय तस्संच करतो. म्हणून मी ठणकावून लिहिलं: ‘फाइलमधला सगळा मजकूर घ्यावा. त्याचा हॅश मंजूर प्रतीच्या हॅशशी जुळला नाही, तर छेडछाड झाली असे कळवावे.’

‘छेडछाड’ हा शब्द माझाच. लिहिताना मला तो आवडलाही होता.

तळोज्याच्या एका केमिकल कारखान्याने टूल घेतलं. तिथे रसायनाची टाकी धुण्याच्या चौदा सूचना आहेत. त्यातली एक गाळली तर आत उतरलेला माणूस जिवंत वर येईलच असं नाही. पाच शिफ्ट इन्चार्ज, पाच फाइली. सगळ्यांत त्या सूचना हुबेहूब आहेत ना, हे एजंट रोज सकाळी तपासणार. सोमवारी पहिल्याच तपासणीत एक नाव आलं: अंकुश साळवे, छेडछाड. प्लँट मॅनेजर इंद्रजित राणे यांनी लगेच त्याचं ओळखपत्र काढून घेतलं, त्याला गेटबाहेर बसवलं आणि मला फोन केला. टूल बरोबर आहे एवढं मी लिहून द्यायचं, की त्याच्या निलंबनाचं पत्र निघणार.

मेट्रोने पेंधरला उतरून मी रिक्षा केली. रिक्षातच मी त्या माणसाला दोषी ठरवून टाकलं. काम लवकर उरकायला एखादी सूचना उडवली असणार, दुसरं काय!

गेटजवळच्या बाकावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी. मी कोण ते सांगितल्यावर तो उभा राहिला.

“मॅडम, त्या चौदामधला शब्द पन मी हलवला नाय,” अंकुश म्हणाला. “माझीच मानसं उतरतात त्या टाकीत. मी कशाला हलवीन?”

आवाज चढला नव्हता. तो घाबरलेलाही दिसत नव्हता, म्हणून मला आणखीच संशय आला.

आत इंद्रजितसरांच्या केबिनमध्ये मी मंजूर प्रत आणि अंकुशची फाइल शेजारी शेजारी उघडल्या. एक ते चौदा, बोट लावून वाचलं. सगळं सारखं. दुसऱ्यांदा वाचलं, तरी सारखं. मग चौदा सूचना उचलून टूलमध्ये टाकल्या, आधी मंजूर प्रतीतल्या, मग अंकुशच्या. हॅश जुळला. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की त्याने मधल्या वेळात दुरुस्ती केली! पण फाइल शुक्रवारपासून उघडलीच गेली नव्हती. मग सकाळी एजंटने असं काय घेतलं होतं, जे मी आत्ता घेतलं नाही?

नजर वर गेली. मंजूर प्रतीच्या माथ्यावर ‘श्री’ होतं. अंकुशच्या फाइलच्या माथ्यावर ‘जय भीम’.

सरांनी सूचना मेलने पाठवल्या होत्या. प्रत्येकाने कोरी फाइल उघडून, आपल्या सवयीने वर आपली ओळ लिहून त्या खाली चिकटवल्या. मंजूर प्रत सरांनीही तशीच केली. बाकीचे चौघं ‘श्री’ लिहिणारे, म्हणून त्यांचे हॅश जुळले. आमच्या घरी तर वाण्याच्या यादीवरही श्री असतो. दोनदा बोट लावून वाचताना मला तो दिसलाच नव्हता. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

मी सरांना दाखवलं. ते हसले. “एवढंच ना? अरे अंकुशला बोलवा.” तो आत आल्यावर सर म्हणाले, “हे बघ, वर श्री लिही, विषय संपला.”

अंकुशने स्क्रीनकडे पाहिलं. “लिहितो की सर. चौदामधली कितवी सूचना हाय ती?”

 सरांनी ओळखपत्र टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं, तयार ठेवलेलं निलंबनाचं पत्र फाडलं आणि मंजूर प्रतीतला श्री स्वतःच पुसला. मी सांगितलं, पत्रकात ‘पहिल्या सूचनेपासून पुढचाच मजकूर घ्यावा’ असं घालते, पण ते एजंटपर्यंत पोचायला उद्याची दुपार होईल. “चालेल, टेन्शन नाही,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मंजूर प्रतीत आता वरची ओळच नव्हती, पाचही फाइलींत मात्र ती होती, त्यामुळे एजंटने पाचही इन्चार्जांची नावं दिली होती. पाचांपुढे माझाच शब्द, छेडछाड.

“कुणाची ओळखपत्रं घेतलीत?” मी विचारलं.

“ओळखपत्रं कशाला?” सर वैतागले. “अहो मॅडम, पाच-पाच माणसं छेडछाड करतील का? तुमचं टूल बिघडलंय.”

काल एकच नाव आलं होतं, तेव्हा टूल बिघडलंय असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही नाही.