कुलपाची खिडकी

खिडक्या बसवणाऱ्या त्या माणसाला धंद्यात सगळे 'सीलबंद' म्हणत, आणि त्याला ते नाव मनापासून आवडे. खिडकी बसवून झाली की तो गिऱ्हाइकाला जवळ बोलावी, लायटर पेटवी आणि ज्योत चौकटीच्या कडेकडेने फिरवी. ज्योत जराही हलत नसे. "मुंगीलासुद्धा आत यायचं तर बेल वाजवावी लागेल," असं तो म्हणे. गिऱ्हाईक हसे, आणि मग त्याच्या कामात खोट काढायची कुणाची बिशाद नसे.

स्वतःच्या घरी तो वेगळा कशाला वागेल? जुन्या लाकडी खिडक्या त्याने एकेक करून उचकटल्या, जाड काचेच्या बसवल्या, दारांच्या खाली रबरी पट्ट्या ठोकल्या. वडिलांच्या खोलीला लागूनच न्हाणीघर होतं. तिथे वरच्या अंगाला तिरप्या काचपट्ट्यांचा झरोका होता. थंडीत आंघोळ करताना त्यातून गार वारा अंगावर येई, म्हणून सिलिकॉन भरून तोही बुजवला. झरोक्याखालीच गॅसचा गीझर टांगलेला होता, पण खिडकीवाल्याचं लक्ष खिडकीकडे असतं, गीझरकडे कशाला जाईल? घर उबदार झालं, रस्त्याचा कलकलाट थांबला. बायकोने शेजारणींना मुद्दाम घरी बोलावून शांतता ऐकवली.

त्याच हिवाळ्यात बाबांची तब्येत बिघडली. जन्मभर त्यांनी टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केली होती. सगळ्या शहराच्या गल्लीबोळांचे पत्ते त्यांना तोंडपाठ. आता त्यांना स्वयंपाकघर कुठल्या बाजूला ते आठवेना. डोकं जड आहे म्हणत, चहाचा कप हातात धरून पेंगत, जेवण झाल्यावर जेवायला कधी वाढणार म्हणून विचारत. आणि कडाक्याच्या थंडीत खिडकी सताड उघडून तिथे उभे राहत.

"बाबा, अहो, गारठा येतोय. कशाला उघडलीत?"

"बरं वाटतं रे."

एवढंच उत्तर. मुलगा लावी, बाप उघडी. दवाखान्यात नेलं की मात्र बाबा ठणठणीत! डॉक्टरांशी गप्पा काय, थट्टा काय. "आपल्यालाच खोटं पाडतात बघा," बायको परतीच्या वाटेवर कुरकुरे. ती वाईट नव्हती. दिवसभर दोघंही कामाला, म्हाताऱ्याला एकटं टाकून जायचं, जीव टांगणीला लागे. मग एका सकाळी बाबा कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकलेले तिला दिसले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सीलबंदने त्याच संध्याकाळी खिडकीला कुलपाची मूठ बसवली. लहान मुलं असलेल्या घरांत तो अशा मुठी नेहमीच बसवी. बाबा पलंगावर बसून बघत होते. किल्ली फिरली, मुलाच्या खिशात गेली. ते काही बोलले नाहीत, आणि बोलले नाहीत याचं त्याला हायसं वाटलं. पुढे बाबांची तब्येत आणखीच ढासळली, तेव्हा नवराबायकोने बसून ठरवलं की हे आता आपल्या आवाक्यातलं नाही. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात नाव घातलं. जागा रिकामी झाली की कळवू, असं तिथून सांगण्यात आलं.

मध्येच सीलबंद शिडीवरून घसरला आणि पाठ धरून बसला. टणक पलंगावर पडून राहा, असं हाडवैद्याने बजावलं. घरात टणक पलंग एकच, बाबांचा. तेव्हा वृद्धाश्रमात जागा होईपर्यंत बाबांना त्याची ताई आपल्याकडे घेऊन गेली. ताईचं घर म्हणजे सगळा आनंदीआनंद; एक दार लावलं की दुसरं आपोआप उघडे. आठवड्याभरात तिचा फोन आला.

"अरे, बाबा तर मस्त आहेत! शेजारच्यांना पत्त्यांत हरवतात. कुणी डाव अर्धवट टाकला की रडीचा डाव म्हणून भांडतात!"

"नव्याची नवलाई आहे, ताई. थांब जरा, मग कळेल."

कळलं ते त्यालाच. बाबांच्या पलंगावर पडल्या पडल्या त्याचं डोकं ठणकू लागलं. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या की जास्तच. मळमळे, झापड येई. एकदा हातात स्क्रू घेऊन तो बराच वेळ बसला. कुठे लावतात ते आठवेना. बायकोला एकच गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा विचारली, तशी तिने त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याला ओळखीची होती. ती इतके दिवस बाबांवर असायची.

त्याची पाचावर धारण बसली. बापाचं दुखणं आपल्यालाही लागलं! पाठ जरा सैल होताच बायकोला न सांगता तो डॉक्टरांकडे गेला. नेहमीचे डॉक्टर नव्हते, त्यांची मुलगी बसली होती.

"आत्ता दुखतंय डोकं?" तिने विचारलं.

"नाही ना! तुमच्या दारात आलं की थांबतं. बाबांचंही असंच व्हायचं," तो हसून म्हणाला.

ती हसली नाही. "घरी पाणी कशावर तापवता?"

"गॅसचा गीझर आहे. न्हाणीघरात."

"तिथली हवा बाहेर जायला जागा आहे?"

"एक फटसुद्धा नाही," तो सवयीने, जरा छाती काढूनच म्हणाला. "मी स्वतः बुजवलीय."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, माणूस विसरतो, गोंधळतो. दैव चांगलं नसेल तर झोपेतच जातो.

"म्हणजे बाबांना काही झालेलंच नाही?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू? पण घराबाहेर ठेवून बघायला हवं."

"ठेवलंय. बहिणीकडे."

"मग कसे आहेत?"

"पत्त्यांत जिंकतात," तो म्हणाला, आणि त्याला तिथेच रडू फुटलं.

घरी येऊन त्याने आधी गॅस बंद केला. छिन्नी घेऊन दुखऱ्या पाठीने झरोका फोडला. गॅसवाल्याला बोलावून गीझर बाहेर सज्जात हलवला, वृद्धाश्रमातलं नाव काढलं, खिडकीची कुलपाची मूठ काढून साधी बसवली. तपासण्यांत बाबांचं काही निघालं नाही. ताई त्यांना सोडायला आली आणि चहा घेऊन गेली.

"बाबा," तो म्हणाला, "फार मोठी चूक झाली माझ्याकडून."

"अरे, तुला काय ठाऊक होतं," बाबा म्हणाले. खरंच रागावलेले दिसत नव्हते. पिशवीतले कपडे त्यांनी घडी करून कपाटात ठेवले, पत्ते उशाशी ठेवले. मग खिडकीपाशी गेले, मुठीवर हात ठेवला आणि तसेच थांबले.

"उघडली तर चालेल?"

त्याने जोरजोरात मान डोलावली.

"तसं नको, तोंडाने सांग," बाबा म्हणाले. "आणि सूनबाईलाही विचारून ये."