तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला आता अकरा महिने झाले होते. 'राहून गेलं' असं प्रूफकाका म्हणत. खरं तर ते त्यांनी रोज टाळलं होतं. पत्र टेबलावरच्या जाडजूड शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि शब्दकोश उघडल्याशिवाय काकांचा दिवस जात नसे.

पत्र तसं लहानच होतं. "गेल्या खेपेला तू आलास ते मी खिडकीतून पाहिलं," ताईने लिहिलं होतं. "पाऊण तासाने फाटकातून परत गेलास तेही पाहिलं. मधे काय झालं ते कळलं नाही. माझ्यावर रागावलास का? माझे गुडघे आता मला खाली उतरू देत नाहीत, नाहीतर मीच आले असते विचारायला. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणाला एक खुर्ची ठेवून घेतली आहे. येणार असशील तर कळव. येणार नसशील तरी कळव, म्हणजे खुर्ची परत घरात आणवते."

ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काकांहून सात वर्षांनी मोठी. चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती. घरात फोन होता, पण तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनवर भाऊबहीण दोघंही ओरडत आणि बोलणं काय झालं ते फक्त शेजाऱ्यांना कळे.

मधे काय झालं होतं, हे लिहायला काकांना लाज वाटत होती. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. तिथे त्यांचा एक नियम होता. वाचताना लक्ष तुटलं, कोणी हाक मारली, साधी शिंक आली, तरी ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं. या नियमापायी छापखान्यातली माणसं त्यांच्या टेबलाजवळून चवड्यांवर चालत. नियम कामाला चांगला होता, पण तो काकांच्या हाडीमासी खिळला आणि निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आला. त्या दिवशी ताईकडे जाताना दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली, पोटऱ्यांत गोळे आले, थांबावं लागलं. थांबलो म्हणजे चढणं मोडलं, असं वाटून ते खाली उतरले आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा चढायला लागले. या खेपेला दुसरा मजलाही आला नाही. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा ते नुसतेच पहिल्या पायरीशी उभे राहिले आणि मग घरी गेले.

ताईला 'येतो' लिहायचं तर पायांचा भरवसा नव्हता. 'येत नाही' लिहायचं तर हात चालत नव्हता. एका पोस्टकार्डावर त्यांनी ताईचा पत्ता सुंदर अक्षरात लिहिला, कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि ठरवलं, की आधी पाय तयार करायचे, मग उत्तर लिहायचं.

पाय तयार करण्यासाठी त्यांनी वाचनालयातून व्यायामावरची चार पुस्तकं आणली. ती वाचता वाचता त्यातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या. यात दीड महिना गेला.

"पुस्तकांची तब्येत सुधारली," काकू म्हणाल्या. "आता तुमची कधी?"

मग मात्र काकांनी सुरुवात केली. त्यांचं घर तळमजल्यावर होतं आणि वर तीन मजले होते. सकाळी सात वाजता जिना चढायचा: पहिला आठवडा एक मजला, दुसरा आठवडा दोन, तिसऱ्याला तीन. अडचण एकच होती. काका पराकोटीचे लाजाळू. जिन्यात कोणाचं दार वाजलं, की आपण इथे काय करतो हे सांगायचं त्यांच्या जिवावर येई. अशा वेळी ते खाली वाकून त्या दारातलं वर्तमानपत्र उचलत आणि वाचल्यासारखं करत. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी त्यांना तीनदा असं पकडलं. चौथ्या दिवसापासून बाईंनी आपलं वाचून झालेलं वर्तमानपत्र काकांकडे पाठवायला सुरुवात केली. म्हातारा भिडस्त आहे, मागायला लाजतो, असं त्या काकूंना सांगून गेल्या. काकू दोन दिवस हसत होत्या.

आठवड्याचे पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी पाहुणे आले आणि जिना बुडाला. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चढलेल्या दिवसांच्या केलेल्या पाचही खुणा लाल पेन्सिलीने खोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या आठवड्याचा पहिला दिवस धरला. मग पडसं झालं, पुन्हा पहिला दिवस. मग मानेत लचक भरली, पुन्हा पहिला दिवस. पुढच्या तीन महिन्यांत काकांनी पहिला आठवडा अकरा वेळा सुरू केला. दुसरा मजला त्यांनी अजून पाहिला नव्हता आणि कॅलेंडर त्यांच्या जुन्या प्रुफांसारखं लालेलाल झालं होतं.

बाराव्यांदा त्यांनी पेन्सिल हातात घेतली तेव्हा काकूंनी ती काढून घेतली.

"अहो, परवा तुम्ही दाढी केली नव्हतीत."

"मग?"

"मग काल काय केलंत? मिसरूड फुटण्यापासून सुरुवात केलीत?"

काकांनी हनुवटीवरून हात फिरवला.

"सरळ परवाची दाढी काल केलीत," काकू म्हणाल्या. "जिन्याचंही तेच. बुडाला तो दिवस कोरा सोडा. खोडाखोड करायची नाही. माझं कॅलेंडर आहे ते, दूध कधी जास्त घेतलं ते मला त्यावर दिसत नाही."

पेन्सिल त्यांनी पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. काकांना पटलं की नाही कोण जाणे, पण पेन्सिल मागायची त्यांना हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने दोन मजले चढले. मधे एक दिवस बुडाला, तो कोरा राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन मजले. कोरे चौकोन पाहून आधी त्यांचा जीव कासावीस होई. महिनाभराने सवय झाली. पुढे ते तिन्ही मजले चढू लागले, आणि मग खाली येऊन वर आणखी एक मजला, म्हणजे ताईचे चार. शिक्षिकाबाई त्यांची पावलं ऐकून घड्याळ लावू लागल्या. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपी आठ दिवस बरोबर आले, नवव्या दिवसापासून ते दारात चहाचा कप घेऊन नुसतं "चालू द्या, चालू द्या" म्हणू लागले. आणि काकांनी वर्तमानपत्र उचलणं सोडून दिलं. "व्यायाम करतोय," असं त्यांनी एकदा मोठ्याने सांगूनही टाकलं, जरी कोणी विचारलं नव्हतं.

अकराव्या महिन्यातल्या एका रविवारी ते ताईकडे निघाले. कळवलं नाही, कळवायचं म्हणजे उत्तर लिहायचं. नुसता पत्ता घातलेलं पोस्टकार्ड खिशात होतंच.

ताईच्या इमारतीचा जिना त्यांच्या जिन्याहून उभा होता, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पहिला मजला गेला. दुसरा गेला, तेव्हा त्यांनी कठड्यावर हलकेच थाप मारली. तिसऱ्याच्या चार पायऱ्या उरल्या असताना छाती भात्यासारखी हलू लागली. कसेबसे ते वळणापर्यंत आले आणि थांबले. थांबल्याबरोबर जुना नियम मनात जागा झाला. थांबलास. मोडलं. खाली जा, पहिल्या पायरीपासून नीट चढ. त्यांनी एक पाय खालच्या पायरीवर ठेवलासुद्धा.

वळणाला खुर्ची होती. लाकडी, एका हाताची कड झिजलेली, बसायला जुनी उशी. लहानपणी ताई जिच्यावर बसून अभ्यास करायची, तीच.

काकांनी पाय वर घेतला आणि ते खुर्चीत बसले.

समोरचं दार उघडून एक बाई भाजीची पिशवी घेऊन बाहेर आल्या. काकांकडे त्यांनी निरखून पाहिलं.

"तुम्ही भाऊ का त्यांचे?"

काकांनी मान डोलावली. बोलायला अजून दम नव्हता.

"बरं झालं बाई. अकरा महिने या खुर्चीत पोस्टमन बसतोय, दूधवाला बसतोय, बाजारातून आले की मी बसते. ताई रोज वरून ओरडून विचारतात, कोण बसलंय म्हणून. आता मी सांगते त्यांना."

"नको," काका म्हणाले. "मीच सांगतो."

ते उठले आणि उरलेला मजला चढले. मधे पुन्हा एकदा कठडा धरून उभे राहिले, पण खाली पाहिलं नाही. ताईने दार उघडलं. त्यांच्या घामेजलेल्या कपाळावरून तिने पदर फिरवला, ते सात वर्षांचे असताना फिरवायची तसा.

"रागावला होतास?"

"नाही गं. चढवत नव्हतं."

"एवढंच?" ताई म्हणाली. "वाळव्या, एवढं लिहायला तुला अकरा महिने लागले, आणि तेही लिहिलं नाहीसच."

पुस्तकं खातो म्हणून ती त्यांना लहानपणापासून वाळव्या म्हणायची. दोन तास बोलणं झालं. म्हणजे ओरडणं झालं. निघताना काका म्हणाले, आता आलोच, तेव्हा पत्राचं उत्तर झालं म्हणायचं. ताईने नकारार्थी मान हलवली.

"आलास, तसा निघालास. उद्यापासून मी काय वाचू?"

काका जिना उतरले. तिसऱ्या मजल्याच्या वळणाला पुन्हा खुर्चीत बसले, या वेळी दमले नसताना. खिशातून पोस्टकार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि पेनाने लिहिलं:

"प्रिय ताई, मी दर रविवारी येईन. एखादा रविवार बुडाला, तर त्याच्या पुढच्या रविवारी येईन. खुर्ची राहू दे."

टपालपेटी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला होती. वर चौथ्या मजल्याच्या खिडकीत ताई उभी आहे हे त्यांना न पाहताही माहीत होतं. लिहिलेलं पुन्हा वाचून पाहायला कार्ड डोळ्यांसमोर धरलं, क्षणभर तसंच धरून ठेवलं, आणि न वाचताच पेटीत टाकलं.