तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर

मित्रांनो, मी एक जुना इंजेक्टर आहे. जुना म्हटलेलं मला चालतं, लहान म्हटलेलं चालत नाही. उत्तर स्वीडनमधल्या एका गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरवर मी बसायचो. माझ्या तोंडातून पेट्रोलचा बारीक फवारा निघे, हवेत मिसळे आणि पेट घेई. एकोणीस वर्षांत मी एकही फवारा चुकवला नाही.

मग ती गाडी गुनवोर आणि सिक्स्टन या बहीणभावांनी घेतली. गुनवोरने तीस वर्षं बस डेपोत इंजिनं खोलली होती. धाकट्या सिक्स्टनला मात्र सगळ्याची घाई. फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर दर शनिवारी शर्यत असते, तिच्यासाठी त्यांनी भंगारातून टर्बो आणून इंजिनाला जोडला. त्याचं काम एकच, इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. पण कौतुक किती! शेजारीपाजारी बॉनेट उघडायला लावत आणि "वा, टर्बो!" म्हणत. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. माझ्या पोटात दुखू लागलं, खोटं कशाला सांगू? हवा तो आणायचा, पण तिला पुरेल एवढं पेट्रोल मलाच द्यावं लागायचं.

जुलैत गुनवोर कागदावर आकडेमोड करून म्हणाली, "हे इंजेक्टर पुरायचे नाहीत. मोठे बसवू."

"कशाला? पेट्रोलचा दाब वाढवू की!" सिक्स्टन म्हणाला.

"अरे शहाण्या, दाब दुप्पट केला म्हणून पेट्रोल दुप्पट येत नाही. दुप्पट पेट्रोलला दाब चौपट लागतो."

"तू कागदावर गाडी चालव. मी मैदानावर चालवून दाखवतो."

तरी तिने चार मोठे इंजेक्टर आणून फळीवर ठेवलेच. लठ्ठ, चकचकीत, निळ्या टोपीचे. त्यांना पाहून माझा तिळपापड झाला आणि मी मनोमन सिक्स्टनच्या बाजूचा झालो. त्याने दाब वाढवला, गाडी झकास पळाली. "बघ!" तो म्हणाला. गुनवोर दालचिनीचा पाव खात राहिली. मित्रांनो, मला ते झेपत नव्हतं. पूर्वी दोन फवाऱ्यांमध्ये तोंड मिटायला उसंत मिळे, आता तोंड मिटतच नसे. पण त्या निळ्या टोप्यांना जागा द्यायची? छे!

पहिल्या शर्यतीच्या दिवशी उणे बावीस अंश तापमान होतं. थंड हवा दाट असते, त्यामुळे टर्बोने उन्हाळ्यापेक्षाही जास्त हवा कोंबली.

"पेट्रोल कमी पडेल. टर्बोचा जोर जरा उतरव," गुनवोर म्हणाली.

"अगं, अख्खं गाव बघायला आलंय! जुलैत चाललं ते आज का नाही चालणार?"

तिसऱ्या फेरीत मी सगळा जोर लावला, तरी पुरा पडलो नाही. पेट्रोल अपुरं पडलं की इंजिन भलतंच तापतं. माझ्याच सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं आणि गाडी तळ्याच्या मधोमध धुरात उभी राहिली. सिक्स्टन हेल्मेट काढून बर्फावर बसला. गुनवोरने गाडी ओढायला त्याच्या हातात दोरखंड दिला.

घरी तो म्हणाला, "तिसरा इंजेक्टर कचरा निघाला. फेक तो."

गुनवोरने मला काचेच्या नळीवर लावून मिनिटभराचं पेट्रोल मोजलं. पुन्हा मोजलं. "याच्यात काडीचाही दोष नाही रे. लहान आहे, एवढंच. भलतं काम तू त्याच्या गळ्यात मारलंस."

त्यापेक्षा मी बिघडलेला निघालो असतो तर बरं वाटलं असतं. बिघाड दुरुस्त तरी होतो.

नवा पिस्टन आला आणि माझ्या जागी निळी टोपी बसली. आम्हा चौघा जुन्या इंजेक्टरांना गुनवोरने स्वतःच्या रोजच्या गाडीत घातलं. तिचं इंजिन त्याच जातीचं, फक्त टर्बो नाही. इथे मला पुन्हा उसंत मिळते. मित्रांनो, वस्तू झाडूनपुसून ठेवली म्हणजे निगा राखली असं नव्हे. तिला किती झेपतं ते आधी मोजा. आणि ज्याला झेपत नाही, त्याने माझ्यासारखं हेव्यापोटी जागा अडवून बसू नये.

हेवा गेला का? नाही. निळ्या टोप्यांचं आता गावभर कौतुक होतं. पण शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. म्हणून फेब्रुवारीत दर शनिवारी ते चौघे त्या गाडीसकट मागच्या ट्रेलरवर बांधलेले असतात, आणि त्यांना तळ्यापर्यंत ओढून मी नेतो.